तळणीचे ग्रहण आणि हौशी छायाचित्रकार

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा विजयदुर्गाच्या बाजूने किनारा ओलांडून सोलापूर जिल्हा, वऱ्हाड, शहडोल, बक्सर असा ईशान्येकडे गेला. मुंबई-पुण्याकडे प्लेगची साथ चालू असतानाही परदेशी पथके दुर्बिणी, प्लेटा आणि तंबू घेऊन येथे उतरली. विजयदुर्गावर इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियरने आरमारी खलाशांना कामाला लावले होते. याच गडावर १८६८ मध्ये त्याला हेलियम सापडला असे आजही हौसेने सांगतात. पण त्या वर्षी तो इंग्लंडमध्येच होता. करमाळ्याजवळच्या जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आणि पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांची पथके होती.

वऱ्हाडातील तळणी या रेल्वे स्थानकाजवळ मात्र सरकारी पथक नव्हते. तेथे उतरली ती ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची मंडळी. १८९० मध्ये स्थापन झालेली ही संस्था मुख्यतः हौशी निरीक्षकांची होती आणि तिने पहिल्यापासून स्त्रियांनाही सभासद करून घेतले. १८९६ मध्ये नॉर्वेतील वाद्सो येथे ढगांनी त्यांची मोहीम पाण्यात घातली होती. जानेवारीतल्या वऱ्हाडी आकाशाकडून तसा धोका कमी होता.

या मंडळीत अ‍ॅनी माँडर होत्या. ग्रिनिच वेधशाळेतील गणकाची नोकरी त्यांना १८९५ मध्ये लग्न झाल्यावर सोडावी लागली होती. पती वॉल्टर माँडर ग्रिनिचलाच होते. अ‍ॅनी मात्र कागदोपत्री हौशी ठरल्या. त्यांच्या कॅमेऱ्याचे भिंग अवघ्या दीड इंच व्यासाचे होते आणि केंद्रांतर ९ इंच. एवढ्या कॅमेऱ्यात सूर्याची प्रतिमा जेमतेम २ मिलिमीटर येते. जेऊरला कॅम्पबेलच्या ४० फुटी कॅमेऱ्यात तीच प्रतिमा ११ सेंटिमीटरच्या घरात जात होती.

तरीही अ‍ॅनींची निवड अडाणी नव्हती. सूर्याभोवतीचा किरीट कडेपाशी तेजस्वी असतो, पण बाहेर सरकताच झपाट्याने विरळ होतो. लांब कॅमेरा प्रतिमा मोठी करतो, म्हणजे तेवढाच प्रकाश मोठ्या जागेवर पसरवतो. कडेपाशीचे बारकावे त्यात उत्तम उतरतात, बाहेरचा मंद भाग मात्र प्लेटवर उमटत नाही. आखूड केंद्रांतराचे भिंग तोच मंद प्रकाश एकवटते आणि त्याच्या चौकटीत आकाशही पुष्कळ मावते. खग्रास स्थिती दोनेक मिनिटांचीच असल्याने एक्स्पोजर हवे तितके वाढवण्याची सोय नव्हती. तळणीच्या प्लेटवर किरीटाचा एक लांब झोत सूर्यापासून सुमारे १ कोटी किलोमीटरपर्यंत दिसला. त्या काळी इतका लांबवर कोणीच तो टिपला नव्हता. भारी साधनांच्या गर्दीत ही कामगिरी एका चिमुकल्या भिंगाने केली, आणि ती नशिबाची नव्हे, हिशेबाची होती.

तळणीलाच जॉन एव्हरशेड हा दुसरा हौशी निरीक्षक होता. रसायनांच्या व्यवसायात नोकरी करून तो आवडीने सूर्याचा अभ्यास करी. चंद्राने बिंब झाकताच सूर्याचा पातळ वर्णावरणाचा थर क्षणभर चमकतो. त्या थराचा वर्णपट एव्हरशेडने प्लेटवर घेतला. असोसिएशनच्याच बक्सरच्या तुकडीत जादूगारांच्या घराण्यातला नेव्हिल मॅस्केलिन होता. त्याने ग्रहणाची चक्क फिल्म काढली, पण परतीच्या प्रवासात ती चोरीला गेली. चोराला तिचा काय उपयोग झाला असेल, देव जाणे.

रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने स्त्रियांना फेलो करून घेण्याचे ठरवले तेव्हा कुठे, १८९२ मध्ये नाकारल्या गेलेल्या अ‍ॅनी १९१६ मध्ये तिच्या फेलो झाल्या. नायगमवालांचा जेऊरचा अहवाल १९०२ मध्ये मुंबईत छापला गेला. त्यांची पुण्याची वेधशाळा १९१२ मध्ये बंद पडली आणि तिची २० इंची परावर्ती दुर्बीण कोडाइकनालला रवाना झाली. त्या वेळी कोडाइकनालच्या वेधशाळेचा संचालक होता तळणीचा एव्हरशेड.