पत्नीची संमती

डाखाऊची छळछावणी, फेब्रुवारी 1945. 26 नंबरच्या बराकीत तुम्ही अंग चोरून उभे आहात. आजूबाजूला पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांतले कैदी, बहुतेक सगळे फादर. नाझींनी आजवर 2,500 हून अधिक कॅथलिक धर्मगुरूंना इथे आणून टाकलंय. छावणीत टायफसची साथ आहे आणि काही फादर आपणहून रोग्यांच्या बराकींत सेवेला गेलेत.

त्यांतले दोन फादर, ऑटो पीस आणि विल्हेल्म शामोनी, हलक्या आवाजात बोलतायत. कान द्या. सुटकेचे बेत नाहीत ते. कारखान्यात राबणाऱ्याला, घरभाड्याच्या चिंतेतल्या बापाला चर्च परकं का वाटतं? लेकुरवाळ्या माणसालाच डीकनची, म्हणजे फादरच्या खालच्या सेवापदाची, दीक्षा दिली तर? उद्याचा दिवस दिसेल की नाही याचा भरवसा नसलेली माणसं इतरांच्या संसाराचा विचार करतायत. मला तर त्यांच्यापुढे हात जोडावेसे वाटतात.

आता वर्षं भरभर ओलांडा. 1951 मध्ये फ्रायबुर्गला हान्नेस क्रॅमर हा तरुण डीकन होऊ पाहणाऱ्यांचं मंडळ काढतो. 1964 मध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद विवाहित डीकनांची वाट मोकळी करते. 1967 मध्ये पोप सहावे पॉल नियम घालून देतात: विवाहित उमेदवार किमान 35 वर्षांचा हवा, आणि त्याच्या पत्नीची संमती हवी.

28 एप्रिल 1968, रविवार. कोलोनचं कॅथीड्रल. सहायक बिशप ऑगस्टिन फ्रोट्झ पाच विवाहित पुरुषांच्या मस्तकावर एकेक करून हात ठेवतात. नव्याने सुरू झालेल्या स्थायी डीकनपदाची दीक्षा घेणारे हे जगातले पहिलेच. तुमची नजर वेदीवर खिळेल, पण जरा त्यांच्या घरच्या माणसांकडे वळा. या दीक्षेचा अर्थ पत्नीला पुरता ठाऊक आहे. तिचा नवरा शुभवर्तमान वाचील, प्रवचन करील, स्नानसंस्कार देईल, लग्नं लावील, मयताला जाईल. मिस्सा अर्पण करणं आणि पापनिवेदन ऐकणं मात्र फादरांकडेच. पोटापाण्याची नोकरी कित्येकांना सुटणार नाही. म्हणजे ही सेवा घरच्या वेळातूनच निघणार. मुलं जेवायला बसलेली असताना कुणीतरी शेवटच्या घटका मोजत असल्याचा निरोप येईल आणि तो ताटावरून उठेल. शिवाय ती आधी गेली, तर त्याला पुन्हा लग्न करता येणार नाही. हे सगळं समजून तिने हो म्हटलंय. माझ्या मते या दीक्षेतला निम्मा वाटा तिचा आहे.

विधी आटोपला की आधी तिला भेटा. त्याच्याभोवती गर्दी होईलच.