मुंबईची हवा आणि वाहतुकीचे राजधोरण

मुंबईच्या हवेचा प्रश्न सरकारी दप्तरात दाखल झाला तो मोटारी रस्त्यावर विरळ दिसत असतानाच, गिरण्यांच्या धुराड्यांमुळे. १९१२ साली मुंबईसाठी धुराच्या उपद्रवाविषयी कायदा संमत होऊन भट्ट्यांवर सरकारी देखरेख सुरू झाली, आणि १९१५ पासून टाटांच्या खोपोली येथील केंद्रातून जलविद्युत गिरण्यांना मिळू लागल्यावर मालकांना कोळशावाचून यंत्रे चालविण्याची सोय झाली. कायद्याने बंधन घालावे आणि त्याच वेळी दुसरा मार्गही उपलब्ध असावा, हा राज्यकारभारातील साधा नियम या शहराने शंभर वर्षांपूर्वीच अनुभवला होता. पुढे वाहतुकीच्या बाबतीत मात्र तो वारंवार विस्मृतीत गेला.

९ मे १८७४ रोजी घोड्यांच्या ट्रामने आरंभ झालेली मुंबईची सार्वजनिक वाहतूक ७ मे १९०७ रोजी विजेवर आली, आणि गिरणीकामगारापासून कचेरीतील कारकुनापर्यंत सर्वांना रस्त्यावर धूर न सोडणारे स्वस्त वाहन लाभले. १९२६ साली अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर मोटारबस धावू लागली. १९४७ साली हा सारा कारभार नगरपालिकेच्या हाती येऊन तो चालविणारी ‘बेस्ट’ ही संस्था लोकांच्या मालकीची झाली. परंतु मोटारींची संख्या वाढू लागताच रुळांवरून संथपणे जाणारी ट्राम वाहतुकीचा खोळंबा करते असे मत बळावले, तिचा तोटाही डोईजड झाला, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर अशी अखेरची फेरी करून ती कायमची बंद पडली. १९६२ साली सुरू झालेली विजेची ट्रॉलीबसही १९७१ साली मोडीत निघाली. अशा रीतीने, रस्ता मोटारीस मोकळा करून देण्याच्या भरात, विजेवर चालणारी दोन वाहने शहराने एका दशकाच्या आत गमावली आणि डिझेलचा अंमल निर्वेध झाला.

त्याचे परिणाम पुढील पिढीच्या फुप्फुसांनी भोगले. १९९० नंतर धुराने त्रस्त नागरिकांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर १९९९ मध्ये न्यायालयाने परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचा हुकूम दिला, आणि पुढे जुन्या टॅक्सींना सीएनजीवर रूपांतरित होण्याचे किंवा रस्त्यावरून निवृत्त होण्याचे बंधन पडले. या हुकुमाचा अंमल होऊ शकला याचे कारण १९९५ साली स्थापन झालेल्या महानगर गॅस कंपनीने वायूचा पुरवठा सुरू केला होता हेच होय. तरीही त्याचा भार सर्वाधिक पडला तो टॅक्सीवाल्यावर. रूपांतराचा खर्च, कर्जाचे हप्ते आणि पंपांवरील लांबलचक रांगा सोसून त्याने शहराच्या हवेची किंमत आपल्या रोजच्या कमाईतून चुकती केली, याची कृतज्ञतापूर्वक नोंद इतिहासाने केलीच पाहिजे.

खाजगी मोटारींची रीघ मात्र थांबली नाही, आणि वायूने जे कमावले त्यातील बराच भाग वाहनांच्या वाढत्या संख्येने गिळला. मोटारवाल्यास दोष देऊन हा प्रश्न सुटणारा नाही. ज्याला थांब्यावर अर्धा तास ताटकळूनही बस मिळत नाही, त्याने मोटार घेतली तर तो अपराध कसा म्हणावा? विजेच्या बसेस पुन्हा या रस्त्यांवर आल्या आहेत, मेट्रोही धावते आहे. १९६४ साली जे गमावले ते भरून काढण्याची ही संधी आहे. शासनाने वाहनांवर निर्बंध अवश्य घालावेत, परंतु त्याआधी ‘बेस्ट’च्या बसेस पुरेशा संख्येने व वेळेवर धावतील एवढी द्रव्याची तजवीज करावी, आणि नागरिकांनीही आपल्या प्रतिनिधींकडे नव्या उड्डाणपुलाच्या आधी बसची मागणी करावी.