ओझोनचा वास आणि आमची शहागंजची खोली

आजचा भाग एका वासाबद्दल आहे.

२०२१, कोविडची दुसरी लाट. मी घरून काम करत होतो. शहागंजात आमचं घर बाजाराला लागून, त्यामुळे खिडकी उघडली की रिक्षांचा धूर आणि रस्त्याची धूळ आत. बाबांना जुना दमा. म्हणून मी ऑनलाइन एक हवा शुद्ध करणारं यंत्र मागवलं. खोक्यावर लिहिलं होतं, ओझोनने जंतू मरतात. मी बीटेक झालेला माणूस, पण शाळेतलं एवढंच डोक्यात होतं की ओझोनचा थर पृथ्वीला वाचवतो. मग तो वाईट कसा असेल?

"वीज कडाडल्यावर येतो तसला वास येतोय रे," बाबा म्हणाले. मला वाटलं, हवा ताजी झाली. चार दिवसांत त्यांचा खोकला वाढला, पंप जास्त वेळा घ्यावा लागला. तेव्हा कुठे मी वाचायला बसलो.

आणि कळलं की हा गैरसमज फार जुना आहे. १८३९-४० च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात क्रिस्टियान शोनबाइन पाण्यातून वीज सोडत होते. त्यांना हाच वास आला. 'वास येणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी नाव दिलं ओझोन. हा वायू छातीत गेला की त्रास होतो, हेही त्यांनीच पुढे नोंदवलं. लोकांनी मात्र ते सोडून दिलं. एकोणिसाव्या शतकात डोंगरावरच्या आणि समुद्रकाठच्या हवेत ओझोन असतो म्हणून ती चांगली, असं डॉक्टरही सांगायचे.

आपल्याकडे तेच आज व्हॉट्सअॅपवर फिरतं: तुळस ओझोन सोडते. नाही सोडत. तिच्या पानांतून सुगंधी तेलांची वाफ येते, एवढंच.

पाण्यासाठी ओझोन खरंच कामाचा आहे. फ्रान्समधल्या नीस शहरात १९०६ पासून त्याने पिण्याचं पाणी शुद्ध करतात. पण पाण्याला फुप्फुसं नसतात. ओझोनमधला तिसरा ऑक्सिजन अणू सैल असतो. जंतूला जाळतो तसाच तो आपल्या श्वासनलिकेचं अस्तरही जाळतो. १९५० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या धुरक्यात ओझोन कसा तयार होतो हे हागेन-स्मिट यांनी दाखवलं, तेव्हा हाच वायू प्रदूषक ठरला.

आता यंत्राचं गणित बघा. अमेरिकेत अशा उपकरणांना मर्यादा आहे ०.०५ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा कोटी रेणूंमागे ओझोनचे पाच. एवढ्याने खोलीतले जंतू मरत नाहीत. जंतू मरतील इतका सोडला, तर त्या खोलीत माणसाने थांबू नये. शिवाय फरशी पुसायच्या लिंबाच्या वासाच्या द्रावणाशी त्याचा संयोग होऊन फॉर्मल्डिहाइड बनतं. कॅलिफोर्नियाने २०१० पासून मर्यादेपेक्षा जास्त ओझोन सोडणारी घरगुती यंत्रं विकायला बंदी केली.

मग करायचं काय? आम्ही केलं ते सांगतो. यंत्र बंद. मच्छर कॉइल बंद, खिडकीला जाळी. अगरबत्ती देवापुढे एकच, तीही दार उघडं ठेवून. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंखा. खिडक्या पहाटे उघडायच्या, कारण तेव्हा बाजार सुरू नसतो आणि रस्त्यावरचा ओझोन उन्हात, दुपारी वाढतो. नंतर पैसे साठवून हेपा फिल्टरचं यंत्र घेतलं. हे फिल्टर १९४० च्या दशकात अणुबॉम्बच्या प्रकल्पात किरणोत्सारी धूळ अडवायला बनले. ते धूळ फक्त गाळतात, हवेत काही सोडत नाहीत. वासासाठी सोबत कोळशाचा थर लागतो. घेताना 'आयोनायझर', 'प्लाझ्मा' असं बटण दिसलं तर ते बंदच ठेवा, त्यातूनही ओझोन येऊ शकतो.

बाबांचा खोकला हळूहळू पहिल्यासारखा झाला. एका घराच्या अनुभवावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. दमा तर आहेच. पण परवा बाबांनी विचारलं, "त्या डब्याचं काय केलंस?" म्हटलं, माळ्यावर आहे. म्हणाले, "कुणाला देऊ नकोस."

म्हणून हा भाग केला.