पर्थीस आजार: मूल लंगडत असेल तर खुबाही तपासून घ्या

पाच-सहा वर्षांचा मुलगा हळूहळू लंगडू लागतो. विचारले तर गुडघा दुखतो म्हणतो, किंवा काहीच दुखत नाही म्हणतो. गुडघ्याचा एक्स-रे काढला जातो, तो नॉर्मल येतो, मलम आणि पट्टी दिली जाते. यात दोन-तीन महिने सहज जातात. खुबा आणि गुडघा यांच्या संवेदना नेणारे काही मज्जातंतू एकच असल्यामुळे खुब्यातली वेदना मुलाला मांडीत किंवा गुडघ्यात जाणवते. म्हणून गुडघ्याची तक्रार असलेल्या प्रत्येक मुलाचा खुबा तपासलाच पाहिजे.

नेमके काय होते?

मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते आणि ते कमरेच्या हाडातील वाटीत फिरते. पर्थीस आजारात या चेंडूचा रक्तपुरवठा काही काळ कमी होतो व हाडाचा तो भाग निर्जीव होतो. शरीर मग हे मृत हाड काढून टाकते आणि त्या जागी नवीन हाड तयार करते. या सगळ्याला साधारण दोन ते चार वर्षे लागतात. मधल्या काळात चेंडू मऊ असतो, आणि तेव्हाच तो चपटा होण्याचा धोका असतो.

हा आजार बहुधा ४ ते ८ या वयात दिसतो. मुलींपेक्षा मुलांमध्ये चार-पाच पटींनी जास्त. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः उडुपी भागात झालेल्या अभ्यासांत त्याचे प्रमाण अधिक आढळले आहे आणि आपल्याकडे तो थोड्या मोठ्या वयातही सुरू होताना दिसतो. रक्तपुरवठा का कमी होतो, याचे नक्की कारण सापडलेले नाही. पडल्यामुळे, आईच्या आहारामुळे किंवा मूल फार उड्या मारते म्हणून हा आजार झाला, असे समजून कोणालाही दोष देऊ नका. तो संसर्गजन्य नाही.

निदान

मूल मांडी घालून बसताना एक गुडघा वर राहतो का, ते घरीच पाहा. तपासणीत पाय बाजूला फाकवणे आणि आत वळवणे कमी झालेले आढळते. दोन्ही खुब्यांचा एक्स-रे सरळ आणि बेडकासारखे पाय फाकवून, असा दोन प्रकारे काढतात. सुरुवातीला एक्स-रे नॉर्मल असू शकतो. लंगडणे थांबले नाही तर काही आठवड्यांनी तो पुन्हा काढावा किंवा एमआरआय करावा.

आपल्याकडे खुब्याचा क्षयरोग विसरून चालत नाही. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या भागात सिकलसेलची रक्ततपासणीही करावी, कारण त्यातही हाड असेच निर्जीव होते. दोन्ही खुबे एकाच वेळी, सारख्याच प्रमाणात खराब दिसले तर थायरॉइड आणि हाडांच्या आनुवंशिक आजारांचा विचार करावा लागतो.

ताप असून मूल पाय टेकवतच नसेल, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालयात जा. सांध्यात पू झाला असेल तर काही तासही महत्त्वाचे असतात.

उपचार

रक्तपुरवठा परत आणणारे खात्रीचे औषध आज उपलब्ध नाही. कॅल्शियमच्या गोळ्यांनीही हा आजार बरा होत नाही. उपचाराचा हेतू एकच: चेंडू मऊ असेपर्यंत तो वाटीत नीट बसलेला ठेवणे, म्हणजे वाटीच्या साच्यात तो गोल राहून भरून येतो.

सहा वर्षांखालील बहुतेक मुलांना वेदनाशामक औषध, व्यायाम, उड्या-धावण्यावर बंधन आणि ठराविक काळाने एक्स-रे एवढेच पुरते. खुबा आखडू लागला तर दोन्ही पाय फाकवून मध्ये दांडी घातलेले प्लास्टर काही आठवडे घालतात. आठ वर्षांनंतर सुरू झालेल्या आजारात बऱ्याचदा शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो. त्यात मांडीच्या किंवा कमरेच्या हाडाचा कोन बदलतात. ती चेंडू चपटा होण्याआधी केली तरच तिचा पुरेसा फायदा होतो. म्हणून ‘थोडे थांबून पाहू’ हे डॉक्टरांनी तारीख देऊन सांगितले असेल तरच थांबा. हाडवैद्याकडून पाय ओढून घेणे किंवा जोरात मालिश करणे टाळा.

घरी आणि शाळेत

पालकांना सगळ्यात अवघड जाते ते मुलाला खेळू न देणे. ‘पळू नको’ एवढेच सांगितले तर ते पाळले जात नाही. त्याऐवजी काय करायचे ते सांगा. पोहणे आणि डॉक्टरांच्या परवानगीने सायकल चालते. कॅरम, बुद्धिबळ, चित्रकला आहेच. क्रिकेटच्या संघात गुण लिहिणारा किंवा पंच म्हणूनही तो मित्रांमध्ये राहू शकतो. वजन वाढू देऊ नका, कारण त्याचा भार त्याच खुब्यावर येतो.

शाळेला डॉक्टरांची चिठ्ठी द्या. वर्ग तळमजल्यावर, बसायला बाक आणि पीटीतून सूट, एवढे मागा. प्लास्टर असताना खाज आली तर आत पट्टी किंवा पेन्सिल घालू देऊ नका, आत जखम होते आणि ती दिसत नाही.

मुलाला खरे सांगा: हाड पुन्हा तयार होत आहे, वेळ लागेल. सहा वर्षांच्या मुलाला ‘दोन वर्षे’ कळत नाहीत. ‘दिवाळीनंतर पुन्हा फोटो काढू’ हे कळते.

लहान वयात आजार झालेली बहुतेक मुले पुढे नेहमीसारखी चालतात, खेळतात. चेंडू चपटा राहिला तर मध्यमवयात सांध्याची झीज होऊ शकते, म्हणून वाढ पूर्ण होईपर्यंत तपासणी चालू ठेवा आणि जुने एक्स-रे जपून ठेवा.