दुकानाची पाटी आणि शिवाजी फॉन्ट

घणसोली गावात पुतण्याचं भांड्यांचं दुकान आहे. परवा म्हणाला, "काका, आपली जुनी वेबसाईट जरा तपासून द्या." वह्या तपासायची सवय, बसलो लाल पेन घेऊन! उघडतो तर नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ. तेव्हाचे शिवाजीसारखे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं बसवत. फॉन्ट नसला की संपलं, मराठीत शोधूनही दुकान सापडायचं नाही. वास्तविक युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, विंडोज २००० ने ती वाचायची सोयही केली. आम्हालाच उशिरा कळलं.

सगळा मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाईप केला. फोन नंबर चित्रात अडकला होता, तो बाहेर काढला. पत्त्यात 'गाव' शब्दच नव्हता! गिऱ्हाइकं सिडकोच्या सेक्टरांत शोधत फिरायची म्हणे.