बूट घातलेला संघ

भारतीय फुटबॉलचा विषय निघाला की लोक अनवाणी पायांवर येतात. १९५०च्या विश्वचषकाला आपण गेलो नाही ते बूट घालायचे नव्हते म्हणून, असं अजूनही छातीठोकपणे सांगतात. मला ऐकून वाईट वाटतं. १९४८ला लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते, हे खरं. फ्रान्सने १-२ हरवलं तेव्हा आपल्या दोन पेनल्टी वाया गेल्या. पण ब्राझीलला न जाण्यामागे बोटीचा लांबचा प्रवास होता, अपुरी तयारी होती आणि ऑलिंपिकच मोठं मानण्याची तेव्हाची समजूत होती.

बूट सक्तीचे झाले ते हेलसिंकी ऑलिंपिकनंतर. १९५२, गार हवा, युगोस्लाव्हियाकडून १-१०.

तसले बूट मी लहानपणी परळच्या मैदानावर घातलेत, थोरल्या भावाचे. चामडं भिजलं की शिशासारखं जड व्हायचं. तळाला चामड्याचे स्टड खिळ्यांनी ठोकलेले असत. तासाभरात एखादा खिळा टाचेत टोचू लागे, मग आत वर्तमानपत्राची घडी सारायची. अनवाणी वाढलेल्या पायांनी त्यात चेंडू ओळखायला शिकणं किती कठीण, हे मला त्या घडीने शिकवलं.

आपल्या संघाला ते शिकवणारा माणूस हैदराबादचा शिक्षक, सय्यद अब्दुल रहीम. त्यांच्या संघाने १९५६ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. पुढे १९६२ला जकार्तातल्या आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाला २-१ नमवून सुवर्णही जिंकलं. डोक्याला टाके पडलेला बचावपटू जर्नेल सिंग त्या अंतिम सामन्यात आघाडीला खेळला आणि त्याने गोलही केला! आजारी रहीमसाहेब वर्षभरात गेले.

माझा जीव मात्र मेलबर्नमध्ये अडकलाय. कारण तिथला नायक आमच्या मुंबईत, टाटांच्या संघातून खेळणारा, मूळचा गोव्यातल्या आसगावचा नेव्हिल डिसोझा. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई. कूपरेजला सामना बघायला गेलो की शेजारी बसलेल्या पोरांना विचारतो, हे नाव ऐकलंय का? नाही म्हणतात. मग मध्यंतरभर सांगतो : समोर यजमान ऑस्ट्रेलिया, नेव्हिलने गोल केला, त्यांनी बरोबरी साधली. त्याने पुन्हा केला, त्यांनी पुन्हा साधली. मध्यंतराला २-२. आणि परत मैदानात उतरल्यावर थोड्याच वेळात त्याने तिसरा मारला.