रायगडावरील राजवाड्याचे अवशेष

रायगडाच्या (ता. महाड) बालेकिल्ल्यात छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजवाड्याचे व राजसभेचे चौथरे, भिंती आणि दरवाजे शिल्लक आहेत. महाराजांच्या भोसले घराण्याच्या जहागिरीत पुण्यासह सुपे (आता बारामती तालुक्यात) व इंदापूर हे परगणे होते. या जहागीरदार घराण्याचे छत्रपतींच्या गादीत झालेले रूपांतर रायगडाच्या दगडांत दिसते.

मेणा व पालखी दरवाजांच्या दरम्यान राणीवशाच्या महालांचे ओळीने चौथरे आहेत. त्यांपलीकडे राजभवनाचा ८६ फूट लांब व ३३ फूट रुंद चौथरा लागतो. सर्वांत महत्त्वाची वास्तू म्हणजे राजसभा. ती २२० फूट लांब व १२४ फूट रुंद असून सिंहासनाची जागा पूर्वाभिमुख आहे. तेथे आता मेघडंबरी आहे. समोरच्या नगारखान्यापाशी हळू बोललेलेही सिंहासनापाशी स्पष्ट ऐकू येते. ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक याच सभेत झाला. त्या वेळी हजर असलेल्या हेन्री ऑक्झिंडेन या इंग्रज वकिलाला दारापाशी दोन लहान हत्ती उभे दिसले. इतक्या अवघड वाटेने ते वर आणले कसे, याचे त्याला नवल वाटले. गड चढून गेलेल्या कोणालाही ते पटेल.

गडाचे बांधकाम हिरोजी इंदुलकर यांचे. गडावरील जगदीश्वराच्या मंदिरातील शके १५९६ च्या संस्कृत शिलालेखात विहिरी, तळी, हत्तीशाळा आणि गगनचुंबी राजगृहे उभारल्याचा उल्लेख आहे. आज त्या उंचीचा अंदाज गंगासागर तलावाकाठच्या मनोऱ्यांवरूनच काय तो येतो, कारण वाड्यांचे खांब, तुळया व छपरे लाकडी होती. मे १८१८ मध्ये इंग्रज सेनेच्या कर्नल प्रॉथरच्या तोफांनी लागलेल्या आगीत ती जळाली आणि १० मे रोजी गड इंग्रजांच्या हाती गेला. दगडी जोती तेवढी टिकली. त्यामुळे वरचे मजले कसे होते हे सांगणे कठीण असले, तरी महालांची मांडणी आजही जमिनीवर वाचता येते.

गड भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. रायगड विकास प्राधिकरणाच्या सहकार्याने येथे उत्खनन झाले असून, गडावरील वाड्यांची गाडली गेलेली जोती त्यातून मोकळी झाली. २०२१ मध्ये अशाच उत्खननात सोन्याची नक्षीदार बांगडी सापडली.